स्वीस दाढ की साधी दाढ?

मैत्रिणींनो, साडीच्या दुकानात दोन साड्या पुढ्यात टाकल्या की निवड कशी करायची हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पोत बोटांत धरून बघतो, काठ उलटा करून बघतो, धुतल्यावर रंग जाईल की राहील ते दुकानदाराच्या चेहऱ्यावरून ओळखतो. दातांच्या दवाखान्यात मात्र ही सारी हुशारी फुकट जाते. डॉक्टर कागदावर दोन आकडे लिहितात, हा साध्या इम्प्लांटचा आणि हा 'प्रीमियम'चा, आणि कागद आपल्याकडे सरकवतात. दोन्ही स्क्रू राखाडी, दोन्ही करंगळीच्या नखाएवढे, आणि दोन्ही हाडात जाऊन बसणार, म्हणजे पुन्हा नजरेलाही पडायचे नाहीत. फरक मात्र एका दाढेमागे वीस-पंचवीस हजारांचा!

हा फरक कशाचा, आणि तो द्यावा की देऊ नये, हा प्रश्न गेले सहा-आठ महिने आमच्या घरी मुक्कामाला होता. सासूबाईंच्या दाढेचा प्रश्न. मी काही डॉक्टर नव्हे. मराठी घेऊन बी. ए. केले, गोंदियाच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते, उरलेला वेळ घराचा. पण पैसा माझ्या हातून जायचा होता. तेव्हा गोंदियात दोन आणि नागपुरात एक अशा तीन दंतवैद्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडले, मिळेल ते वाचून काढले. त्यातले तुमच्या उपयोगाचे तेवढे आज सांगते.

आधी आपल्या मुलखापुरती एक गोष्ट. आपण धानाच्या भागातल्या बायका, आणि भात हे मोठे लबाड अन्न आहे बरं का! ज्वारीची भाकरी खाणाऱ्या घरात एखादीची दाढ पडली की आठ दिवसांत साऱ्यांना कळते, कारण भाकरीचा पापुद्रा चावताना तोंड वाकडे होते. भात-वरणाला दाढा लागतच नाहीत. कालवला, जिभेने टाळूला दाबला, गिळला. त्यामुळे गोंदिया-भंडाऱ्याकडे बाईच्या तोंडातल्या दोन-तीन दाढा कधी गेल्या याचा घरात पत्ताही नसतो. सासूबाईंच्या खालच्या उजव्या दोन दाढा चार वर्षांपूर्वी काढल्या. तेव्हापासून फुटाणे, कच्चा शिंगाडा, लाखोळीच्या वड्याची कुरकुरीत कड, लोणच्यातली फोड, एकेक करून त्यांनी सोडत आणले होते आणि कुणाला कळू दिले नव्हते. "आता वयानं नको वाटतं," म्हणायच्या. वय एकसष्ट! पुढे डावी दाढही दुखू लागली तेव्हा डॉक्टरांनी सांगितले की दोन्ही बाजूंचे काम एकटी डावी बाजू ओढते आहे.

"एका लेकरामागे एक दात" ही आपल्याकडची जुनी म्हण तुम्हीही ऐकली असेल. पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, म्हणून बाईचे दात जायचेच, अशी समजूत. ही समजूत खरी नाही. बाळ दातांतून काही घेत नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, रक्त येते, ओकाऱ्यांमुळे तोंडात आम्ल येते, आणि त्या दिवसांत दातांकडे कुणी लक्ष देत नाही, हे खरे कारण. पण त्या म्हणीने एक काम चोख केले. बाईचा दात गेला तर त्यात विशेष काही नाही, असे बाईलाच वाटायला लावले. मामंजींच्या मोतीबिंदूच्या वेळी परदेशी लेन्स पाच मिनिटांत ठरली होती. दाढेच्या वेळी सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "माह्या तोंडात काहून पैसा घालता? पोरीच्या शिक्षणाचं पाहा."

आमच्या घरी 'हे' मात्र मनाचे मोठे. कागद पाहून म्हणाले, "घ्यायचं तर चांगलंच घेऊ. आईच्या तोंडात हलकं काही नको." ऐकायला किती छान वाटते! आता हिशेब बघा. आम्हाला साध्या, म्हणजे कोरियन बनावटीच्या इम्प्लांटचे कॅपसकट अठ्ठावीस हजार सांगितले होते आणि स्वीस कंपनीच्या इम्प्लांटचे बावन्न हजार. दोन दाढांचे छप्पन हजार की एक लाख चार हजार? (तुमच्या गावचे आकडे वेगळे असतील.) लाखाची रक्कम एकदम निघत नाही. मग ती धान विकल्यावर निघणार, त्यानंतर मुलीच्या प्रवेशानंतर, त्यानंतर माझे अडकलेले मानधन आल्यावर. 'चांगलेच घेऊ' म्हणता म्हणता काहीच घेतले जात नाही, आणि मोठेपणा मात्र शिल्लक राहतो. महागड्या पर्यायाचा हा तोटा कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

आणि तोंडातले हाड काही आपल्या सोयीसाठी थांबत नाही. दात काढल्यावर त्या जागचे हाड झिजू लागते. पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यापर्यंत कमी होऊ शकते, पुढे हळूहळू. वरच्या जबड्यात मागच्या दाढांच्या वर सायनसची पोकळी असते, तीही खाली उतरल्यासारखी होते. मग इम्प्लांटच्या आधी हाड भरण्याची शस्त्रक्रिया, तिचा खर्च वेगळा. थोडक्यात, वाट बघण्यालाही किंमत पडते.

आता हा स्क्रू म्हणजे काय ते पाहू. इम्प्लांटचे तीन भाग. पहिला हाडात बसणारा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोडणारा खुंट (डॉक्टर त्याला अबटमेंट म्हणतात), आणि वर दिसणारी कॅप. पुष्कळदा सांगितलेला भाव पहिल्याच भागाचा असतो, आणि कॅपचे वेगळे पडतात हे नंतर कळते. म्हणून तीनही धरून विचारायचे. कॅपही मेटल-सिरॅमिकची की झिरकोनियाची, यावर पुन्हा भाव बदलतो.

टायटॅनियम हाडाला चिकटते, हा शोध योगायोगाने लागला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची बारीक नळी बसवून रक्तपुरवठ्याचा अभ्यास करीत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढू गेले तर निघेना! हाड तिला घट्ट धरून बसले होते. १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. या लार्सनला जबड्याचे जन्मजात व्यंग होते, खाली दात नव्हते. २००६ साली तो वारला तोवर ते स्क्रू त्याच्या तोंडात काम देत होते. चाळीस वर्षे! त्या काळी काय 'प्रीमियम' होते? तो पहिलाच होता. आजच्या साध्यात साध्या इम्प्लांटवरचे काम त्याच्यापेक्षा पुष्कळ पुढचे आहे.

स्वीस कंपनी म्हणजे स्ट्राउमन. तिचे मूळ मला गमतीचे वाटले. १९५४ साली ती सुरू झाली ती घड्याळांत लागणाऱ्या मिश्रधातूंच्या कामासाठी, आणि दातांकडे वळली १९७४ साली. मूळची स्वीडनची नोबेल बायोकेअर ही ब्रोनेमार्क यांच्याच कामातून पुढे आलेली. ही दोन नावे 'प्रीमियम' म्हणून सांगतात. मधल्या भावात कोरियाची ऑस्टेम, इस्राएलच्या काही कंपन्या, आणि भारतीय बनावटीचे इम्प्लांटही मिळतात. आमच्या बाबांचे एचएमटी घड्याळ आणि काकांचे स्वीस घड्याळ वेळ एकच दाखवायचे, हे मी यांना ऐकवून पाहिले. पण ती तुलना पुरती लागू नाही, हे माझे मलाच कबूल. घड्याळ बंद पडले तर मनगटावरून काढून दुरुस्तीला देता येते. जबडा कुठे काढून देणार?

तर जास्तीच्या पैशात काय मिळते? मुख्य तीन गोष्टी. एक म्हणजे स्क्रूचा पृष्ठभाग. पूर्वी तो गुळगुळीत असे. मग वाळूच्या माऱ्याने आणि आम्लाने खरबरीत करण्याची पद्धत आली, कारण खरबरीत पृष्ठभागाला हाड लवकर आणि जास्त धरते. आपण भिंतीला गिलावा करण्याआधी टाचे मारतो ना, तसेच. हे तंत्र आता मधल्या भावाच्या कंपन्याही वापरतात. महागड्यांनी पुढचा टप्पा गाठला. ओलावा ओढून घेणारा पृष्ठभाग, त्यामुळे सहा-आठ आठवड्यांऐवजी तीन-चार आठवड्यांत स्क्रू धरतो, असा त्यांचा दावा. आता तुम्हीच सांगा, जिने चार वर्षे दाढेशिवाय काढली तिला एक महिना आधी कॅप बसण्याचे काय मोल?

दुसरी गोष्ट धातू. स्ट्राउमनने २००९ साली टायटॅनियम आणि झिरकोनियम यांचा मिश्रधातू आणला. तो जास्त मजबूत, म्हणून बारीक स्क्रूही ताण सोसतो. जिथे हाड अरुंद आहे आणि जाड स्क्रू बसणार नाही, तिथे याचा खरा उपयोग. रुंद हाडातल्या दाढेला त्याची गरज नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आणि कमी बोलली जाणारी : बिनचूकपणा आणि नोंदी. स्क्रू आणि खुंट यांचा जोड केसाच्याही बारीक अंशात जमावा लागतो, नाहीतर फटीत जंतू शिरतात, जोड ढिला होतो. जुन्या कंपन्यांच्या मालावर दहा-दहा, वीस-वीस वर्षांचे अभ्यास छापलेले आहेत. काल-परवा निघालेल्या स्वस्त कंपनीचा माल कदाचित तितकाच चांगला असेलही, पण ते कळायला वीस वर्षे जावी लागतील.

स्वीडनमधला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात २,७६५ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि त्यातल्या ५९६ जणांना नऊएक वर्षांनी पुन्हा बोलावून पाहिले. एकूण ७.६ टक्के रुग्णांचा निदान एक तरी इम्प्लांट गेला होता. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांचे सगळे टिकले. यांना मी हे वाचून दाखवले तेव्हा ते लगेच म्हणाले, "बघ, त्यात ब्रँडचाही फरक पडतो असं लिहिलंय." लिहिले आहेच, मी कशाला नाकारू? काही बनावटींचे इम्प्लांट जास्त गेले. पण त्याच कागदावर आणखीही लिहिले आहे. धूम्रपान करणाऱ्यांचे जास्त गेले, ज्यांच्या हिरड्या आधीपासून किडलेल्या त्यांचे जास्त गेले, दहा मिलिमीटरपेक्षा आखूड स्क्रू जास्त गेले. पुढच्या वर्षी याच मंडळींनी दुसरा भाग छापला. इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजून हाड झिजण्याचा त्रास मध्यम किंवा जास्त प्रमाणात झालेले लोक १४.५ टक्के, म्हणजे सातांत एक. आणि तिथेही हिरड्यांचा जुना आजार हे मोठे कारण.

म्हणून माझा कौल असा. जास्तीचे वीस-पंचवीस हजार हातात असतील तर त्यांनी आधी दुसऱ्या गोष्टी विकत घ्याव्यात. पहिल्यांदा संपूर्ण तोंडाच्या हिरड्यांची साफसफाई आणि उपचार. किडक्या हिरड्यांच्या शेजारी स्वीस स्क्रू लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या चौकटीला सागवानी दार लावणे. मग सीबीसीटी स्कॅन. साध्या ओपीजी एक्स-रेत हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी नस किती खोल आहे तेही स्कॅनमध्ये नीट मोजता येते. ती दुखावली तर ओठ बधिर राहू शकतो. आणि मग हात. बसवणारा कोण? एम. डी. एस. आहे का, कुठल्या विषयात, अशी किती कामे केली, कॅप तेच बसवणार की दुसरे कुणी? नागपूरचे सर्जन महिन्यातून एक-दोनदा गोंदियाला येऊन स्क्रू बसवून जातात, पुढचे इथले डॉक्टर बघतात, असेही असते. त्यात वावगे काही नाही, पण रात्री नऊ वाजता सूज आली तर फोन कुणाला करायचा, ते आधी विचारून ठेवा.

हे विचारायला लाजू नका हो! भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपण, पांढरा कोट दिसला की गप्प बसतो. मी विचारले तेव्हा एका डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. दुसऱ्यांनी खुर्ची ओढून बसवले आणि मॉडेल हातात दिले. आम्ही कुणाकडे गेलो ते सांगायला नकोच.

आणि आपल्या भागातले दुखणे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही : खर्रा आणि गुडाखू. पुरुषांच्या खर्ऱ्याबद्दल आपण तावातावाने बोलतो. छत्तीसगडच्या शेजारामुळे आपल्याकडे घरोघरी आलेल्या गुडाखूबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण तो बायका सकाळी 'दात घासायला' म्हणून लावतात. गुडाखू हे मंजन नव्हे. तो गुळात कालवलेला तंबाखू आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण सुपारी-तंबाखू घोटून केलेला खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर चालूच आहे. सुपारीने तोंडाची कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि दोन बोटेही आत न जाणाऱ्या तोंडात दाढेपर्यंत हत्यार नेणार कसे? कॅन्सरची भीती तर वेगळीच. ज्या घरात हे चालू आहे तिथे साधा की प्रीमियम हा प्रश्नच उद्भवत नाही. आधी ते सुटले पाहिजे. सासूबाई माहेरी असताना गुडाखू लावायच्या, सोडून तीस वर्षे झाली. डॉक्टरांनी सगळ्यांत आधी विचारले ते हेच.

त्यानंतर विचारले साखरेचे. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असे नाही, पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी आटोक्यात हवी. आणखी एक, जे आपण बायका सांगायला विसरतो : हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन चालू असेल तर ते दंतवैद्याला सांगायलाच हवे. त्यातल्या काही औषधांमुळे जबड्याचे हाड भरून येत नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांनाही दाखवायची असते, बरं!

मग प्रीमियम कधीच घेऊ नये? असे मी म्हणणार नाही. आमच्या शेजारच्या मुलीचा पुढचा दात स्कूटीवरून पडून मुळासकट गेला. वय चोवीस, हाड पातळ, हसताना हिरडी दिसते, लग्नानंतर कुठल्या शहरात जाईल माहीत नाही. तिच्या घरच्यांनी स्वीस घेतला आणि मला तो योग्य वाटला. पन्नास वर्षे तोंडात राहायचा आहे, अरुंद जागेत बसायचा आहे, आणि पुण्यात गेली काय किंवा परदेशात गेली काय, त्या कंपनीचे सुटे भाग मिळणार आहेत. ज्यांना सगळेच दात चार-सहा स्क्रूंवर बसवायचे आणि त्याच आठवड्यात वापरायला सुरुवात करायची, त्यांच्यासाठीही चांगल्या नोंदी असलेली बनावट घ्यावी, कारण तिथे एक गेला तर सगळा डोलारा हलतो.

सुट्या भागांचे म्हणाल तर ते आपल्या गावाकडच्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. खुंटाचा बारीक स्क्रू काही वर्षांनी ढिला होऊ शकतो. तो आवळायची चावी प्रत्येक कंपनीची वेगळी. मिक्सरच्या भांड्याचा कपलर जसा दुसऱ्या कंपनीचा चालत नाही, तसेच. दहा वर्षांनी तुमचे डॉक्टर गाव सोडून गेले तर नव्या डॉक्टरांना तोंडात काय बसवले आहे ते कळणार कसे? म्हणून स्क्रूच्या डबीवरचे स्टिकर मागून घ्यायचे. त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. डॉक्टर ते कार्डावर चिकटवून देतात; न दिले तर मागा. साधा इम्प्लांट घ्या की महाग, ज्याचे स्टिकर मिळत नाही तो घेऊ नका, एवढे मी ठासून सांगते. नाव न सांगता 'इम्पोर्टेड आहे, बाई' असे म्हणणाऱ्यांना नमस्कार करून उठावे.

'लाइफटाइम गॅरंटी'चाही अर्थ समजून घ्या. स्क्रू निकामी झाला तर कंपनी डॉक्टरांना दुसरा स्क्रू देते, इतकाच बहुधा तिचा अर्थ. पुन्हा शस्त्रक्रिया, कॅप, तुमच्या फेऱ्या यांचे पैसे तीत नसतात. आरोग्य विम्यावरही भिस्त ठेवू नका. अपघातात दात गेले तर गोष्ट वेगळी, एरवी बहुतेक विम्यांत दातांचा खर्च धरतच नाहीत. हृदयाच्या स्टेंटच्या आणि गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर सरकारने २०१७ साली मर्यादा घातली. दातांचा स्क्रू त्यात नव्हता. तेव्हा भाव ज्याचा त्याने विचारायचा.

पैशाची ओढाताण असेल तर दंत महाविद्यालयाचा रस्ता आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे. हिंगणा रस्त्यावर खासगी महाविद्यालये आहेत, वर्ध्याजवळ सावंगी मेघेला आहे, आणि सालेकसा-आमगावकडच्यांना राजनांदगावजवळचे सुंदऱ्याचे महाविद्यालयही गाडीने जवळ पडते. पदव्युत्तर विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च कमी, वेळ जास्त. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळी परत, अशा सात-आठ फेऱ्या धरा. सोबत कोण येणार आणि त्या दिवशी घरचा स्वयंपाक कुणी करायचा, तेही त्याच हिशेबात लिहा.

इम्प्लांटशिवायही पर्याय आहेत. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात तासावे लागतात. ते आधीच कॅपचे असतील तर ब्रिज उत्तम, निरोगी असतील तर ते तासायला माझे मन धजत नाही. काढ-घाल करायची कवळी सगळ्यांत स्वस्त, पण बायका ती डबीत ठेवून विसरतात, किंवा पाहुणे आले की काढतात. आणि काहीही न बसवणे हाही एक पर्याय आहे! नेदरलँड्सच्या कायझर नावाच्या दंतवैद्यांनी १९८१ साली मांडले की पुढचे आणि त्यामागचे मिळून वीस-एक दात नीट असले तर माणसाचे चर्वण भागते. अगदी मागची दाढ गेली तर प्रत्येक वेळी ती भरलीच पाहिजे असे नाही.

आमची अडलेली गाडी याच माहितीने पुढे सरकली. मी डॉक्टरांना विचारले, "दोन्ही दाढा बसवायलाच हव्यात का?" त्यांनी स्कॅन पुन्हा पाहिला आणि म्हणाले, पहिली मोठी दाढ बसवा, शेवटची तूर्त राहू द्या, वरची दाढ खाली उतरते का ते वर्षातून एकदा बघू. हाड रुंद होते, साखर ठीक होती. कोरियन स्क्रू, अठ्ठावीस हजार. त्याआधी स्कॅन, हिरड्यांची साफसफाई आणि दुखऱ्या डाव्या दाढेचे रूट कॅनॉल आणि तिची कॅप, यांचे मिळून साडेतेरा हजार. एकूण साडेएक्केचाळीस. यांना 'हलकं' हा शब्द अजून बोचतो आहे. पण स्टिकरवर कंपनीचे नाव आणि नंबर पाहून, आणि डॉक्टरांच्या स्वतःच्या आईलाही तोच बसवला आहे हे ऐकून थोडे निवळले. पैसे माझ्या भिशीचे निम्मे आणि यांचे निम्मे. सासूबाईंनी "काहून, काहून" म्हणत का होईना, होकार दिला. खुर्चीवर बसायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला हळूच विचारले, "शिंगाडा खाता येईन ना मंग?"

स्क्रू बसवून दोन महिने झाले, कॅप पुढच्या महिन्यात. दुखले ते दोन दिवस, सूज तीन दिवस, आणि पहिला आठवडा पेज आणि मऊ भात, जो आपल्याकडे काही शिक्षा नव्हे. आता नवे काम म्हणजे सफाईचे. इम्प्लांटला कीड लागत नाही, पण हिरडी सुजते, म्हणून बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश दाताच्या फटीतून रोज फिरवावा लागतो. त्याला इंटरडेंटल ब्रश म्हणतात. गोंदियाच्या औषधांच्या दुकानांत तो सहज मिळेना, मला तिसऱ्या दुकानात मिळाला, तोही एकाच मापाचा. डॉक्टरांकडून फटीचे माप विचारून घ्या आणि नागपूरला कुणी जात असेल तर चार-सहा एकदम मागवून ठेवा.